कॉर्नरचा बचाव: माणूस धरायचा की जागा?

कॉर्नरवरून गोल झाला की समालोचकापासून गॅलरीतल्या प्रेक्षकापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: तो माणूस कोणाच्या वाट्याचा होता? रीप्ले दाखवतात, हेडर मारणाऱ्याला खेटून असलेला बचावपटू सापडतो आणि दोषी ठरतो. 2018 च्या विश्वचषकातल्या उपांत्य सामन्यात, सेंट पीटर्सबर्गला, 51 व्या मिनिटाला ग्रीझमनच्या कॉर्नरवर उमटिटीने जवळच्या खांबापाशी हेडर मारला. फ्रान्स 1-0 ने जिंकला आणि बेल्जियमच्या पराभवाचे खापर फेलायनीवर फुटले. फेलायनी 1.94 मीटर उंच, हवेतल्या चेंडूसाठीच नावाजलेला. उमटिटी त्याच्यापुढे बराच ठेंगणा. तरी गोल झाला, कारण उमटिटी चेंडू आणि फेलायनी यांच्या मधल्या जागेत आधी पोचला. उंच खेळाडूला ठेंगण्याच्या मागे लावून दिले एवढ्याने ती जागा राखली जात नाही, हे त्या एका हेडरने दाखवले. कॉर्नरच्या बचावाची आखणी माणसांच्या वाटपापासून सुरू करणे हीच मूळ चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. सुरुवात जागेपासून व्हायला हवी, मग येणाऱ्या धावांचा विचार, आणि सर्वांत शेवटी माणसांचा.

आधी मैदानाचे माप पाहू. 68 मीटर रुंदीच्या मैदानावर कोपऱ्यातल्या झेंड्यापासून जवळचा खांब सुमारे 30 मीटरवर असतो. उंच टाकलेल्या चेंडूला हे अंतर कापायला दीड-दोन सेकंद लागतात, आणि बचावपटूला जे काही करायचे ते एवढ्याच वेळात. पेनल्टी क्षेत्र 40.32 मीटर रुंद आणि 16.5 मीटर खोल, म्हणजे 665 चौरस मीटर. त्याच्या आतले गोलक्षेत्र, ज्याला आपण सिक्स यार्ड बॉक्स म्हणतो, ते 18.32 बाय 5.5 मीटरचे, म्हणजे जेमतेम 100 चौरस मीटर. डोक्याने मारलेल्या चेंडूला पायाने मारलेल्या चेंडूचा जोर नसतो, त्यामुळे अंतर वाढते तशी हेडरने गोल होण्याची शक्यता झपाट्याने घसरते. पेनल्टी स्पॉटच्याही मागून मारलेला हेडर चांगल्या गोलरक्षकाला क्वचितच जड जातो. पाच मीटरवरून नुसता लागलेला चेंडूही आत जातो. खरी राखण करायची आहे ती या 100 चौरस मीटरची आणि त्याच्या पुढच्या तीन-चार मीटरच्या पट्ट्याची. सहा बचावपटूंनी गोलक्षेत्र वाटून घेतले तर एकेकाच्या वाट्याला सतरा चौरस मीटरहून कमी जागा येते, म्हणजे दोन पावले आणि एक उडी. हे माणसाच्या आवाक्यातले काम आहे. 665 चौरस मीटरमध्ये मनाला येईल तिकडे धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला दोन सेकंद चिकटून राहणे मात्र आवाक्यातले नाही. त्यात कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, म्हणजे बचावपटूंचे एरवीचे सर्वांत मोठे हत्यार त्या क्षणी बोथट असते.

मॅन-टू-मॅन मार्किंगमध्ये बचावपटूला एकाच वेळी दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते: चेंडू एका दिशेला, माणूस दुसऱ्या. चेंडूकडे पाहावे तर माणूस पाठीमागून निसटतो, माणसाकडे पाहावे तर चेंडू कुठे उतरतोय ते कळत नाही. आक्रमकाला ही अडचण नाही. कुठे जायचे ते त्याने आधीच ठरवलेले असते. पुढाकार त्याच्याकडे आणि बचावपटू कायम अर्धे पाऊल मागे, अशी ही रचना आहे. 2018 च्या विश्वचषकात इंग्लंडने ही दुर्बलता पुरेपूर वापरली. त्यांचे चार खेळाडू पेनल्टी स्पॉटजवळ एकामागे एक रांगेत उभे राहत आणि चेंडू मारला जाताच चार दिशांना फुटत. रांगेतल्या तिसऱ्या माणसाला कसे धरणार? धरायला गेले तर मध्ये दुसऱ्याचे अंग येते. इंग्लंडच्या त्या स्पर्धेतल्या 12 गोलांपैकी 9 पेनल्टी, फ्री किक आणि कॉर्नर अशा थांबलेल्या चेंडूवरून आले. ट्युनिशियाविरुद्धचा सामना तर बोलका आहे. ट्युनिशियाच्या बचावपटूंनी हॅरी केनला सामनाभर मिठ्या मारल्या, खाली पाडले, आणि 91 व्या मिनिटाला मॅग्वायरने कॉर्नरचा चेंडू डोक्याने वळवला तेव्हा मागच्या खांबापाशी केन मोकळाच होता. आता व्हीएआर आल्यामुळे या मिठ्यांची किंमत पेनल्टीने चुकवावी लागू शकते, म्हणजे माणूस धरण्याची जी एक जुनी, बेकायदा पण उपयोगी बाजू होती तीही लंगडी पडली आहे.

तरीही ही पद्धत टिकून आहे. मला तिचे खरे बळ तांत्रिक वाटत नाही, ते हिशेबाच्या सोयीत आहे. यादी भिंतीवर लावता येते, प्रत्येकाला एक नाव देता येते आणि गोल झाला की कोणाला जाब विचारायचा ते ठरलेले असते. माणूस गोल करतो, जागा करत नाही, हा जुना युक्तिवाद याच सोयीतून आला आहे. जागा वाटून घेतल्या की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, चेंडू दोघांच्या मधोमध पडला तर दोघेही एकमेकांकडे बघत राहतात, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप गंभीर आहे, पण आपल्या मातीतल्या खेळाने त्याचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. कबड्डीत चढाईपटू आत आला की अमुक खेळाडूने त्याच्या मागे लागायचे, असे कोणी ठरवत नाही. कोपरारक्षक आपला कोपरा सांभाळतो, मधले आपापली जागा धरतात, चढाईपटू ज्याच्या टापूत शिरला तो पहिली पकड करतो आणि शेजारचे झेपावतात. तिथे जबाबदारी हरवत नाही, कारण टापूची सीमा आणि शेजाऱ्याची मदत दोन्ही सरावाने ठरलेली असते. फुटबॉलमध्येही दोघांच्या मधल्या चेंडूवर कोणी जायचे याचा नियम करता येतो. पुढच्या दिशेने झेपावू शकणाऱ्याने जायचे आणि मागच्याने त्याच्या पाठीमागची जागा झाकायची, एवढा साधा नियमही पुरतो. तो पाळला गेला नाही तर जाब विचारता येतो. विचारायचा प्रश्न तेवढा बदलतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप शरीरशास्त्राचा आहे. धावत येऊन उडी मारणारा उभ्या जागेवरून उडी मारणाऱ्यापेक्षा उंच जातो आणि टक्कर झाली तर वेगही त्याच्याच बाजूने असतो. जागा राखणारा खांबासारखा उभा राहिला तर दहा मीटरवरून धावत येणारा चांगला हेडरबाज त्याला हरवणारच. राफाएल बेनिटेझ 2004 मध्ये लिव्हरपूलला आला आणि त्याने झोनल मार्किंग, म्हणजे जागा राखण्याची पद्धत, आणली, तेव्हा कॉर्नरवरून खाल्लेल्या प्रत्येक गोलानंतर इंग्लंडमध्ये हाच मुद्दा उगाळला गेला. मात्र माणूस धरणाऱ्या संघाने गोल खाल्ला की दोष खेळाडूचा आणि जागा राखणाऱ्याने खाल्ला की दोष पद्धतीचा, हा पक्षपात त्यात होता. त्याच लिव्हरपूलने 2005-06 च्या लीगमध्ये 38 सामन्यांत फक्त 25 गोल खाल्ले. एवढ्याने झोनलची बाजू सिद्ध होत नाही, पण ती पद्धत संघाला बुडवते हे म्हणणे तरी यापुढे टिकत नाही. राहिला धावेचा मुद्दा. तो मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच निव्वळ झोनलची भलामण मी करत नाही. आज बहुतेक मोठे संघ मिश्र पद्धत वापरतात: पाच-सहा जण गोलसमोरच्या जागेत, दोन-तीन जण प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक धावपटूंच्या वाटेत. मात्र या दोन-तीन जणांचे काम नीट समजून घ्यायला हवे. त्यांनी हेडर जिंकायचा नाही. त्यांनी धाव मोडायची आहे: सुरुवातीलाच वाटेत उभे राहायचे, त्याला वळसा घ्यायला लावायचा, त्याच्या दहा मीटरच्या धावेची चार मीटरची करायची. धाव मोडली की टक्कर बरोबरीची होते, आणि बरोबरीच्या टकरीत चेंडूकडे तोंड करून उभा असलेला बचावपटूच सरस ठरतो. 1998 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेटीच्या कॉर्नरवर झिदान लिओनार्दोच्या वर उठला तेव्हा नेमकी हीच गोष्ट घडली नाही. झिदान हेडरसाठी प्रसिद्ध नव्हता. त्याला मोकळी धाव मिळाली आणि त्याच्याशी झुंजायला जो होता तो हवेत लढणारा खेळाडू नव्हता. पूर्वार्ध संपता संपता जॉर्कीफच्या कॉर्नरवर झिदाननेच दुसरा हेडर मारला. पहिल्या गोलानंतर सावध व्हायला ब्राझीलला जवळजवळ वीस मिनिटे मिळाली होती.

गोलरक्षकाबद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण या चर्चेत तो नेहमी शेवटी येतो. गोलक्षेत्रातल्या चेंडूवर हात वापरू शकणारा तो एकटाच, म्हणजे त्याची पोच इतर कोणापेक्षाही दोन-अडीच फूट उंच. आक्रमकांना हे पक्के ठाऊक आहे, म्हणून गेल्या काही वर्षांत कॉर्नरचा रोख त्याच्यावर वळला आहे. 2021 मध्ये आर्सेनलमध्ये आलेल्या निकोलास जोव्हर या सेट पीस प्रशिक्षकाच्या हाताखाली त्या संघाने 2023-24 च्या प्रीमियर लीगमध्ये कॉर्नरवरून 16 गोल केले. एप्रिल 2024 मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर मध्यंतरापर्यंत त्यांचे तीन गोल झाले होते. त्यातला एक कॉर्नरवर होयबियर्गच्या डोक्याला लागून झालेला स्वयंगोल, दुसरा कॉर्नरवरचाच हावर्ट्झचा हेडर. त्या सामन्यात बेन व्हाइट गोलरक्षक व्हिकारियोला खेटून उभा राहत होता, त्याच्या हातमोज्यांशीही चाळा करत होता. गोलरक्षकाची हालचाल अडवणे नियमाने फाऊल आहे, पण गर्दीत पंचाला ते दिसेलच असे नाही. पंचांच्या भरवशावर बचाव उभा करता येत नाही, तेव्हा गर्दीच कमी करायला हवी. आणि इथे अनेक प्रशिक्षक उलटा निर्णय घेतात: भीतीपोटी अकराच्या अकरा जण मागे बोलावतात. हिशेब मांडून पाहा. बचाव करणाऱ्या संघाने पुढे कोणीच ठेवला नाही, तर आक्रमक आपले दोघे मागे ठेवतात. गोलरक्षक आणि कॉर्नर घेणारा वगळता सात जण आत घुसतात. त्यांच्यासमोर दहा बचावपटू, म्हणजे गोलरक्षकाभोवती सतरा जणांची दाटी. आता बचाव करणाऱ्यांनी दोघे चपळ खेळाडू मध्यरेषेवर ठेवले, की प्रतिस्पर्ध्याला खबरदारी म्हणून तिघे मागे ठेवावे लागतात. आत सहा विरुद्ध आठ, एकूण चौदा. तिघे ठेवले आणि समोरच्याने चौघे रोखून धरले, तर पाच विरुद्ध सात, एकूण बारा. आतल्या बचावपटूंची संख्या कमी झाली, आक्रमकांवरची आघाडी तिनावरून दोनावर आली पण टिकून राहिली, आणि गोलरक्षकाला बाहेर पडायला वाट मिळाली. मध्यरेषेवर उभा असलेला आघाडीपटू त्या घटकेला बचावच करत असतो.

यावर प्रशिक्षक म्हणेल, कागदावर ठीक आहे, पण समोरच्याने धोका पत्करून सगळे आत घातले तर? तर काय होते ते जपानला विचारावे. 2 जुलै 2018, रोस्तोव. दोन गोलांनी मागे पडलेल्या बेल्जियमने 2-2 अशी बरोबरी साधलेली, भरपाई वेळेतले चौथे मिनिट, आणि जपानला कॉर्नर. होंडाने टाकलेला चेंडू कुर्त्वाने पुढे येऊन दोन्ही हातांत घेतला. मुठीने ढकलला नाही, पकडला, आणि लगेच पेनल्टी क्षेत्रातून बाहेर धावत सुटलेल्या डी ब्रॉयनच्या वाटेत सरपटता सोडला. डी ब्रॉयनने मोकळ्या मध्यातून मैदान कापले, लुकाकूने आत वळून बचावपटूंना आपल्यामागे ओढले, उजवीकडे म्युनिएला जागा मिळाली. त्याचा जमिनीलगतचा क्रॉस लुकाकूने पायाखालून जाऊ दिला आणि शाडलीने गोल केला. जेमतेम दहा-बारा सेकंदांत जपानचा कॉर्नर बेल्जियमचा विजय झाला. हा गोल प्रतिहल्ल्याचा नमुना म्हणून गाजला. मी त्याला कॉर्नरच्या बचावाचा नमुना मानतो. कुर्त्वाला चेंडूपर्यंत पोचायला वाट होती आणि चेंडू हातात येताच कोणी कुठे पळायचे हे ठरलेले दिसत होते. ज्या संघाच्या अंगात असा प्रतिहल्ला आहे, त्याच्याविरुद्ध कॉर्नर घेताना समोरचा प्रशिक्षक दहादा विचार करतो आणि एखादा माणूस आपणहून मागे ठेवतो.

पहिला हेडर बचावपटूने जिंकला म्हणजे कॉर्नर संपला, हा समज तर फारच महागात पडतो. 26 मे 1999, बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. भरपाई वेळेत बेकहॅमच्या पहिल्या कॉर्नरवर चेंडू बायर्नच्या गोलसमोर अडकला, फिंकची किक नीट बसली नाही, चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेला गिग्जकडे गेला, त्याने परत आत मारला आणि शेरिंगहॅमने वळवला. थोड्याच वेळात दुसरा कॉर्नर: शेरिंगहॅमचा हेडर, सोल्स्कयारचा पाय. दोन्ही वेळा गोल दुसऱ्या स्पर्शानंतरच्या चेंडूवर झाला. म्हणून पेनल्टी क्षेत्राच्या कडेला, 'डी'पाशी, एक तरी खेळाडू असलाच पाहिजे, आणि चेंडू बाहेर गेला की सगळ्या रांगेने एकदम चार-पाच पावले पुढे सरकले पाहिजे. चेंडूला आक्रमकाचा दुसरा स्पर्श झाला की ऑफसाइड पुन्हा लागू होतो, हा फायदा पुढे सरकल्याशिवाय मिळत नाही. दोन्ही खांबांशी माणसे उभी करण्याच्या जुन्या रीतीला माझा विरोध आहे तो यासाठीच. खांबाजवळचा माणूस एखादा गोल रेषेवरून काढतो आणि तो सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण तो तिथेच खिळला तर मागे रेंगाळलेल्या प्रत्येक आक्रमकाला ऑनसाइड ठेवतो, शिवाय गोलसमोरच्या राखणीत एक माणूस कमी पडतो. जवळच्या खांबापाशी एक जण ठेवायला हरकत नाही, कारण फ्लिक तिथूनच निघतो; त्याने रेषा सोडून दोन पावले पुढे उभे राहावे.

मे 2019 मध्ये अ‍ॅनफिल्डवर बार्सिलोनाचे जे झाले त्याचा संबंध कोणत्याच पद्धतीशी नाही. लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डने झटकन कॉर्नर घेतला तेव्हा बचावपटू अजून जागा घेत होते, कित्येकांचे चेंडूकडे लक्षही नव्हते, आणि गोल करायला ओरिगी एकटा उभा होता. चेंडू कोपऱ्यात ठेवला जायच्या आधीच एकाने तरी त्याच्यासमोर जाऊन उभे राहावे. नियमाने 9.15 मीटर अंतर राखावे लागते, पण तेवढ्यावरून का होईना, घाईचा छोटा पास अडवता येतो.

आता एक मूलभूत हरकत. शंभर कॉर्नरमागे जेमतेम तीन-चार गोल होतात, मग एवढा खल कशाला? संघ सामन्यात सरासरी पाच कॉर्नर देतो असे धरले तर 38 सामन्यांत 190 होतात, आणि तीन टक्क्यांनी पाच-सहा गोल. निम्मे वाचवले तरी तीन. फुटबॉलसारख्या एक-शून्यच्या खेळात तीन गोल म्हणजे गुणतक्त्यात चार-पाच गुणांचा फरक पडू शकतो, आणि बाद फेरीत तर एकच गोल पुरतो. 2014 च्या चॅम्पियन्स लीगच्या लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात 93 व्या मिनिटाला मॉड्रिचच्या कॉर्नरवर रामोसने हेडर मारला नसता तर युरोपियन चषक अ‍ॅटलेटिको माद्रिदने नेला असता. नियम करणाऱ्यांनाही कॉर्नर क्षुल्लक वाटत नाही. 2025-26 च्या हंगामापासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात धरला, तर शिक्षा म्हणून प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. अभ्यासाच्या दृष्टीनेही कॉर्नर खास आहे. उघड्या खेळात खेळाडू कुठे असतील हे सांगता येत नाही. इथे चेंडू थांबलेला आणि बावीस जण जवळपास ठरलेल्या जागी. म्हणूनच गूगल डीपमाइंड आणि लिव्हरपूल यांनी मिळून टॅक्टिकएआय ही प्रणाली घडवताना प्रीमियर लीगमधले 7,176 कॉर्नर निवडले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लिव्हरपूलच्या तज्ज्ञांनी संगणकाने सुचवलेल्या रचना प्रत्यक्षातल्या रचनांपेक्षा 90 टक्के वेळा पसंत केल्या. त्या सूचना खेळाडूची जागा आणि वेग थोडासा बदलण्याच्या होत्या. तेवढ्या बदलाने फरक पडतो हे मान्य केले, तर बचावाची भाषाही जागा आणि वेग यांचीच असायला हवी.

शेवटी जो आक्षेप उरतो तो मला सर्वांत जवळचा वाटतो. हे सारे पगारी संघांचे चोचले. कोल्हापुरातल्या तालमींचे संघ, गोव्यातल्या गावांचे क्लब, मुंबईतल्या शाळांचे संघ यांच्याकडे सेट पीस प्रशिक्षक नाही, व्हिडिओ नाही, सरावाला कामाच्या आणि अभ्यासाच्या वेळातून काढलेला तास. त्यांनी सोपे तेच करावे, माणूस धरावा. मला याच्या उलट वाटते. माणूस धरण्यासाठी समोरचा संघ माहीत असावा लागतो: कोण उंच, कोण धावतो, कोण नुसता अडवायला उभा असतो. मोठ्या संघाला ही माहिती आठवडाभर आधी मिळते, छोट्याला पहिला गोल खाल्ल्यावर. शिवाय खेळाडू बदलला की यादी कोलमडते. जागा मात्र दर सामन्यात तीच असते, गोलही तोच, 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. ज्याच्या हाताशी वेळ कमी आहे त्याने न बदलणारी गोष्ट शिकावी. आठवड्यातून पंधरा मिनिटे पुरतात, पण ती सरावाच्या शेवटी, पाय दमलेले असताना, कारण सामन्यात जिवावर बेतणारे कॉर्नर तेव्हाच येतात. चुन्याने सहा टापू आखावेत, दोघांना धावा मोडायला पुढे ठेवावे, एकाला 'डी'पाशी, एकाला मध्यरेषेवर, आणि गोलरक्षकाला एकच हाक द्यायला शिकवावे जी सगळ्यांनी मुकाट मानायची. दर सामन्यानंतर वहीत दोन नोंदी कराव्यात: पहिला स्पर्श कोणत्या टापूत झाला आणि त्यानंतर चेंडू कुठे गेला. चार-सहा सामन्यांत वहीच सांगू लागते की कोणता टापू रिता राहतो आणि तिथे कोण उभा करायला हवा.